अस्तित्वात नसलेला गुरू: ‘ईजीएम’ मासिक आणि ‘स्ट्रीट फायटर’

व्हिडिओ गेमविषयी लिहिणाऱ्या मासिकांचा इतिहास बहुतेक वेळा त्या खेळांच्या इतिहासाचे शेपूट म्हणून सांगितला जातो. आधी कंपनी खेळ काढते, मग मासिक त्याचे परीक्षण छापते आणि ते वाचून पैसे खर्चायचे की नाही हे वाचक ठरवतो, असा सरळ क्रम त्यात गृहीत धरलेला असतो. परंतु १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’, म्हणजे वाचकांच्या तोंडचे ‘ईजीएम’, या अमेरिकी मासिकाने ‘स्ट्रीट फायटर’ या जपानी खेळमालिकेविषयी जे छापले, ते पाहिले की हा क्रम कोलमडतो. कारण या मासिकाने त्या मालिकेच्या बातम्या दिल्या, तिचे डाव शिकवले, तिला गुण दिले, आणि हे करता करता तिच्यात असे एक पात्र सोडून दिले, जे मालिका काढणाऱ्या कंपनीने कधी घडवलेच नव्हते. ते पात्र पुढे पंधरा वर्षे खेळाडूंच्या बोलण्यातून गेले नाही, आणि अखेरीस कंपनीलाही त्याची दखल घ्यावी लागली.

‘फायटिंग गेम’ म्हणजे पडद्यावर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन योद्ध्यांनी ठरावीक वेळात एकमेकांची शक्ती संपवण्याचा खेळ. ही शक्ती पडद्याच्या वरच्या भागात आडव्या पट्टीने दाखवलेली असते, फटका बसला की पट्टी आखडते, आणि तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा सामना जिंकतो. ओसाका येथील कॅपकॉम कंपनीने १९८७ मध्ये पहिला ‘स्ट्रीट फायटर’ काढला, तेव्हा त्याच्या एका प्रकारच्या यंत्रावर बटणांऐवजी मोठ्या गाद्या बसवलेल्या होत्या, आणि खेळाडूने त्यांवर जितक्या जोराने हात मारावा तितक्या जोराचा फटका पडद्यावरच्या योद्ध्याने मारावा, अशी त्यामागची कल्पना होती. ती फार टिकली नाही. तिच्या जागी सहा बटणे आली, तीन ठोशांची आणि तीन लाथांची, हलका, मध्यम आणि जोरकस अशा चढत्या क्रमाने. याच रचनेवर १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर टू’ उभा राहिला. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा हे त्याचे प्रमुख रचनाकार होते. खेळाडूला निवडण्यासाठी निरनिराळ्या देशांतले आठ योद्धे होते, ज्यांत हातपाय रबरासारखे लांबवणारा आणि तोंडातून आग ओकणारा भारतीय योगी धालसिम हाही एक होता. आणि शेवटी चार म्होरके होते, ज्यांना पहिल्या आवृत्तीत फक्त संगणकच चालवत असे.

या खेळाने आर्केडचे, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दुकानांचे, दिवस पालटले. तोवरचे बहुतेक खेळ एकट्याने यंत्राशी खेळायचे असत आणि यश गुणसंख्येत मोजले जाई. येथे शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला हरवायचे होते, आणि हरणाऱ्याला पुन्हा खेळायचे तर नवे नाणे टाकावे लागे. त्यामुळे दुसऱ्याला माहीत नसलेली गोष्ट आपल्याला माहीत असणे, याला या खेळात रोख किंमत आली.

माहीत असण्यासारखे पुष्कळ होते. र्‍यू या योद्ध्याच्या हातातून निळसर ऊर्जेचा गोळा सोडायचा, ज्याला ‘हादोकेन’ म्हणतात, तर दांडी आधी खाली, मग खालच्या तिरप्या दिशेला, मग समोर अशी एका ओघात फिरवावी लागे आणि त्याच क्षणी ठोशाचे बटण दाबावे लागे. उसळी मारून हनुवटीखाली मारायच्या ‘शोर्‍यूकेन’ या ठोशासाठी दांडीचा मार्ग वेगळा, अधिक अवघड होता: आधी समोर, मग खाली, मग तिरपे. अमेरिकी सैनिक गाइल याचा ‘सॉनिक बूम’ हा फटका तर दांडी काही क्षण मागे ओढून धरल्याशिवाय निघतच नसे. यंत्रावर चिकटवलेल्या पट्टीवर यांची थोडीफार माहिती असे, पण कोणता फटका कोणत्या फटक्याला तोडतो, किती अंतरावरून मारला तर लागतो आणि चुकला तर किती वेळ आपण उघडे पडतो, हे पट्टीवर लिहिलेले नसे. तशात या खेळात निर्मात्यांनी न योजलेल्या गोष्टीही निघू लागल्या. एक फटका लागल्यावर समोरचा सावरायच्या आत दुसरा जोडण्याची ‘काँबो’ ही पद्धत आज या सगळ्या खेळप्रकाराचा कणा आहे. ती मुळात एक अपघात होती. मोटारगाडी फोडण्याच्या मधल्या फेरीतले दोष तपासताना कॅपकॉमच्या नोरिताका फुनामिझु यांना ही जोडणी दिसली, आणि ती काढून न टाकता तशीच ठेवण्यात आली. गाइलच्या बाबतीत तर ठरावीक क्रमाने डाव केल्यास समोरचा योद्धा बेडी घातल्यासारखा त्याला चिकटून फरफटत जाई, आणि एका वेगळ्या क्रमाने यंत्रच बंद पडून पुन्हा सुरू होई. हे सारे खरे होते, कुणाही खेळाडूला करून पाहता येत होते, आणि पुढे जे घडले ते समजून घेण्यासाठी ते ध्यानात ठेवणे आवश्यक आहे: ज्या खेळात अशा विक्षिप्त गोष्टी खऱ्या निघतात, त्यात अशक्य काय, हे ठरवणे अवघड होते.

अशा ज्ञानाचा पुरवठा करणाऱ्यांत ‘ईजीएम’ आघाडीवर होते. स्टीव्ह हॅरिस या स्वतः आर्केडमध्ये स्पर्धा खेळलेल्या तरुणाने १९८८ मध्ये आधी वेगळ्या नावाने एक नियतकालिक काढले, आणि त्यातून १९८९ मध्ये हे मासिक निघाले. त्याचे कार्यालय शिकागोजवळच्या लोम्बार्ड या उपनगरात होते. एकाच खेळाला चार परीक्षकांनी स्वतंत्रपणे दहापैकी गुण द्यायचे आणि चौघांची मते शेजारी शेजारी छापायची, ही त्याची पद्धत होती. जपानच्या ‘फामित्सू’ या नियतकालिकातही असेच चार परीक्षक असत. या पद्धतीचा लाभ असा की परीक्षकांत मतभेद आहेत हे वाचकाला उघड दिसे, आणि हळूहळू प्रत्येक परीक्षकाची आवडनिवड ओळखीची होऊन आपल्या मताचा कोण, हे वाचक ठरवू शके. त्या चौघांत ‘सुशी-एक्स’ नावाचा, बुरखा घातलेल्या निंजाच्या रूपात दाखवलेला एक परीक्षक होता. त्याचे खरे नाव छापले जात नसे, मारामारीच्या खेळांतला तो पट्टीचा जाणकार मानला जाई, आणि त्या बुरख्यामागे प्रामुख्याने केन विल्यम्स हे संपादकवर्गातले सदस्य होते. याशिवाय ‘क्वार्टरमन’ या टोपणनावाने चालणारे, उद्योगातल्या आतल्या कुजबुजीचे एक सदर असे. म्हणजे मासिकातली दोन सर्वांत लोकप्रिय पात्रे मुळातच काल्पनिक होती, आणि वाचकांना ते ठाऊक असूनही त्यांच्या शब्दाला वजन होते. ही गंमत पुढच्या प्रकरणाशी अगदी सुसंगत आहे.

‘स्ट्रीट फायटर टू’चा प्रत्येक टप्पा अशा मासिकांना नवा मजकूर पुरवणारा होता. आर्केडमधला खेळ, १९९२ मध्ये म्होरक्यांनाही खेळाडूच्या हाती देणारी त्याची ‘चॅम्पियन एडिशन’, त्याच वर्षी निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावर आलेली आवृत्ती, पाठोपाठ वेग वाढवलेली आणखी एक आवृत्ती, असा ओघ चालू होता. निन्टेंडोचे स्वतःचे ‘निन्टेंडो पॉवर’ हे मासिकही या खेळावर भरभरून लिहीत होते, पण ते कंपनीचे घरचे पत्र होते. ‘ईजीएम’ कोणत्याही यंत्रनिर्मात्याचे नव्हते, आणि आर्केडमधल्या पोरांची भाषा, त्यांची खुन्नस, त्यांच्या अफवा त्याच्या पानांत येत. म्होरक्यांना खेळाडूच्या हाती देता येते, ही गोष्ट पहिल्या आवृत्तीच्या काळात निव्वळ अफवा होती आणि पुढे कंपनीनेच ती खरी करून दाखवली, हेही वाचकांनी पाहिले होते.

आता त्या पात्राकडे वळता येईल. ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये सामना संपला की पडद्यावर दोन चेहरे येतात, एक जिंकणाऱ्याचा ताठ आणि एक हरणाऱ्याचा सुजलेला, रक्ताळलेला, आणि त्याखाली जिंकणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य उमटते. मूळ जपानी खेळात र्‍यूच्या तोंडी असलेल्या एका वाक्याचा आशय असा होता की जोवर माझा शोर्‍यूकेन तुला मोडून काढता येत नाही तोवर तुला जिंकण्याची आशा नाही. शोर्‍यूकेन हा शब्द ज्या चित्रलिपीतल्या अक्षरांनी लिहितात, त्यांतल्या पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ ‘वर झेपावणारा ड्रॅगन’ असा असून जपानी उच्चार ‘शोर्‍यू’, तर चिनी उच्चार ‘शेंग लाँग’ होतो. इंग्रजी भाषांतरात चिनी उच्चार उतरला, तो व्यक्तीचे नाव असावे असा छापला गेला, आणि अमेरिकेतल्या पडद्यांवर र्‍यू प्रत्येक पराभूताला सांगू लागला की जिंकायचे तर आधी शेंग लाँगला हरवावे लागेल. हा शेंग लाँग कोण, हे खेळात कोठेही सांगितलेले नव्हते. आठ योद्धे झाले, चार म्होरके झाले, शेवटचा एम. बायसनही हरला, तरी त्याचा पत्ता नव्हता. हा दडलेला योद्धा असणार, बहुधा र्‍यू आणि आठांतलाच दुसरा योद्धा केन यांचा गुरू असणार, असे तर्क खेळाडू लढवू लागले, आणि साहजिकच मासिकांकडे विचारणा होऊ लागली.

‘ईजीएम’ने एप्रिल १९९२ च्या अंकात उत्तर दिले. खेळांतल्या गुप्त युक्त्या छापण्याच्या पानांवर शेंग लाँगला बाहेर काढण्याची रीत पडद्याच्या छायाचित्रांसह प्रसिद्ध झाली. खेळाडूने र्‍यूला निवडायचे, बायसनपर्यंतच्या सगळ्या लढती एकही फटका न खाता जिंकायच्या, आणि बायसन समोर आला की त्याला एकदाही मारायचे नाही व त्याचा मारही खायचा नाही. वेळ संपून फेरी बरोबरीत सुटली पाहिजे, आणि असे दहाव्या फेरीपर्यंत चालले पाहिजे. मग शेंग लाँग बाहेरून उडी घेऊन येतो, बायसनला उचलून फेकतो आणि र्‍यूशी लढायला उभा राहतो. घड्याळ नव्याण्णववर थिजते आणि दोघांपैकी एक पडेपर्यंत लढत थांबत नाही. त्याचे फटके इतरांच्या फटक्यांपेक्षा वेगवान आणि अधिक घातक असल्याचे वर्णनही होते. ही सगळी रीत विल्यम्स यांनी रचली होती, आणि छायाचित्रे खेळातल्याच चित्रांमध्ये फेरफार करून बनवलेली होती.

लोणकढी थाप म्हणून हिची बांधणी अप्रतिम आहे, आणि ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. पहिल्या आवृत्तीत र्‍यूला बायसनआधी सात योद्धे आणि तीन म्होरके, म्हणजे दहा लढती द्याव्या लागत, आणि प्रत्येक लढतीत किमान दोन फेऱ्या असत. वीस फेऱ्यांत एकही फटका न खाणे हे निष्णात खेळाडूलाही जवळजवळ न साधणारे आहे. त्यानंतर खेळातल्या सर्वांत चपळ शत्रूसमोर दहा पूर्ण फेऱ्या निव्वळ चुकवाचुकवी करत काढणे तर त्याहून कठीण. परंतु यांतली एकही अट खेळाच्या नियमांबाहेरची नव्हती. फटका न खाता फेरी जिंकता येते आणि खेळ तिची ‘परफेक्ट’ म्हणून नोंदही घेतो. वेळ संपून बरोबरी होते. फेऱ्या लांबत जातात. साऱ्या गोष्टी सुट्या सुट्या खऱ्या होत्या. त्यामुळे करून पाहणारा अपयशी ठरला तर दोष युक्तीकडे न जाता त्याच्या कौशल्याकडे जाई, आणि तो पुन्हा नाणे टाकी. जी गोष्ट खोटी ठरवण्यासाठी आधी अशक्यप्राय काम करून दाखवावे लागते, ती खोटी ठरत नाही, एवढे तर्कशास्त्र या पानामागे होते. आर्केडच्या मालकांनी तक्रार करण्याचे काही कारण नव्हते.

थापेच्या मदतीला मासिक या माध्यमाच्या सवयीही होत्या. अमेरिकी मासिकांच्या मुखपृष्ठावरचा महिना प्रत्यक्ष प्रसिद्धीच्या पुढचा असतो, त्यामुळे एप्रिलचा अंक वाचकाच्या हाती एक एप्रिलच्या बराच आधी पडलेला असतो आणि एप्रिल फूलची शंका मनात यायला तारखेचा आधार उरत नाही. पडद्याचे छायाचित्र हा तर त्या काळात निर्विवाद पुरावा होता. सामान्य माणसाच्या घरी छायाचित्रात फेरफार करण्याचे साधन नव्हते, आणि युक्ती खरी असल्याची खूण म्हणूनच मासिके पडद्याची चित्रे छापत. तरीही संपादकांनी एक चोरवाट ठेवली होती. युक्ती पाठवणाऱ्या वाचकाचे नाव डब्ल्यू. ए. स्टॉकिन्स आणि गाव फुल्डिजेन, एचए असे छापले होते. हे इंग्रजीत भरभर मोठ्याने वाचले तर नावातून ‘नाणी वाया घालवा’ आणि गावातून ‘पुन्हा फसलात, हा’ अशा अर्थाचे शब्द ऐकू येतात. शिवाय एचए नावाचे राज्य अमेरिकेत नाहीच. अर्थात हे कळण्यासाठी वाचकाने युक्ती सोडून तिच्याखालचे बारीक अक्षरांतले नाव वाचायला हवे होते.

थाप पसरली. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत ती गेली, आणि जगातल्या इतर काही नियतकालिकांनीही ती खरी समजून छापली, ज्यामुळे मूळ खोडी ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी ती दुहेरी पुराव्याने सिद्ध झाली. ‘ईजीएम’ने डिसेंबर १९९२ च्या अंकात ही एप्रिल फूलची गंमत होती असे कबूल केले. आठ महिन्यांचा हा काळ थट्टेसाठी फार मोठा आहे, आणि येथे मासिकाच्या बाजूने फार बोलता येत नाही. ज्या पानांवर एरवी खऱ्या युक्त्या छापून वाचकांचा विश्वास कमावला, त्याच पानांवर तो खर्च केला गेला, आणि खर्चात वाचकांची नाणीही होती. खुलासा थापेइतका दूर पोचत नाही, हाही अनुभव येथे आलाच. मात्र वाचकांनी मासिकाकडे पाठ फिरवली नाही. उलट दर एप्रिलच्या अंकात थाप कोणती, हे शोधणे हा वाचकांचा वार्षिक छंद झाला.

कंपनीच्या बाजूची हकीकत अधिक गुंतागुंतीची आहे. निन्टेंडोच्या यंत्रावर खेळ आला तेव्हा र्‍यूचे वाक्य दुरुस्त झाले होते आणि त्यात शेंग लाँगऐवजी त्याच्या ‘ड्रॅगन पंच’चा उल्लेख आला होता, पण त्याच खेळासोबतच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत र्‍यू आणि केन यांच्या गुरूचे नाव शेंग लाँग असेच छापले होते. एका हाताने पुसलेले नाव दुसऱ्या हाताने पक्के केले गेले. पुढे १९९४ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो’मध्ये अकुमा आला, ज्याला जपानमध्ये गोकी म्हणतात. हा खरोखरच दडलेला योद्धा होता. खेळाडूने ठरावीक कामगिरी करून बायसनपर्यंत मजल मारली की अकुमा अचानक प्रवेश करी, बायसनला एका झटक्यात संपवी आणि खेळाडूसमोर उभा राही. दोन वर्षांपूर्वीचे ‘ईजीएम’चे पान ज्यांच्या स्मरणात होते, त्यांना हा देखावा परका वाटला नसणार. गुरूची अधिकृत कथाही कालांतराने बांधली गेली. तीत गुरूचे नाव गोकेन ठरले आणि अकुमा हा त्याचाच धाकटा, वाट चुकलेला भाऊ ठरला.

अशी देवघेव एकट्या कॅपकॉमशी झाली नाही. शिकागोच्याच मिडवे कंपनीने १९९२ मध्ये एड बून आणि जॉन टोबायस यांच्या हातून ‘मॉर्टल कॉम्बॅट’ काढला, तेव्हा त्यात रेप्टाइल नावाचा एक दडलेला योद्धा खरोखरच होता, आणि त्याला गाठण्याच्या अटी शेंग लाँगच्या अटींच्या चुलतभावंडांसारख्या होत्या: ठरावीक पुलावरची लढत, चंद्रासमोरून जाणारी सावली, बचावाचे बटण न दाबता दोन्ही फेऱ्या निर्दोष जिंकणे आणि शेवटी खास मारणफटका. खरे आणि खोटे यांतले अंतर इतके कमी असल्यावर एर्मॅकची अफवा उठली यात नवल नाही. यंत्राच्या तपासणी पटलावर हा शब्द दिसे. तो कार्यक्रमातल्या चुका मोजण्यासाठी केलेल्या इंग्रजी शब्दसमूहाचा संक्षेप होता, पण खेळाडूंनी त्याला योद्धा मानले, आणि ‘ईजीएम’ने १९९३ मध्ये लाल पोशाखातल्या निंजाचे एक फेरफार केलेले छायाचित्र वाचकाच्या पत्रासोबत छापले. निर्मात्यांनी पुढच्या खेळात अशा अफवांची टर उडवणारे संदेश घातले, आणि १९९५ च्या ‘अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट थ्री’मध्ये एर्मॅकला सरळ योद्धा करून टाकले.

जपानमध्ये ‘स्ट्रीट फायटर टू’ मासिकांनी वेगळ्या अंगाने हाताळला. तोक्योच्या शिन्सेइशा प्रकाशनाचे ‘गेमेस्ट’ हे १९८६ ते १९९९ या काळातले नियतकालिक केवळ आर्केडच्या खेळांना वाहिलेले होते, आणि त्याचे अनेक लेखक स्वतः वरच्या दर्जाचे खेळाडू होते. ‘स्ट्रीट फायटर टू’ला १९९१ चा सर्वोच्च ‘गेमेस्ट’ पुरस्कार मिळाला. परीक्षणापेक्षा विश्लेषणावर त्याचा भर असे. कोणता योद्धा कोणाविरुद्ध दहातल्या किती लढती जिंकेल, असे कोष्टक मांडून एकेका जोडीची चर्चा करणे ही त्याची खासियत. ‘गेमेस्ट’च्याही एका चुकीच्या मजकुराला अमरत्व लाभले, पण ती थाप नव्हती. हस्तलिखित घाईत वाचल्यामुळे झांगीफ या रशियन कुस्तीगिराचे आणि त्याच्या गरगर फिरण्याच्या डावाचे नाव असे काही विपरीत छापले गेले की त्याला कोणताही अर्थ उरला नाही, आणि जपानी खेळाडू ते आजही मिश्कीलपणे वापरतात. त्याच मासिकाने मोटारशर्यतीच्या एका खेळाविषयी लिहिताना ‘स्टिअरिंग उजवीकडे’ असे म्हणायच्या जागी ‘भारतीय माणसाला उजवीकडे’ असे छापले, कारण जपानी लिपीत हातघाईने लिहिलेले हे दोन शब्द एकसारखे दिसतात.

भारतात यांपैकी कोणतेही मासिक सामान्य खेळाडूच्या हाती पडत नव्हते. मुंबई-पुण्यातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये कॅपकॉमचे खेळ पोचले होते, पण तेथे ज्ञान पूर्णपणे तोंडी चाले. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा १९९३ चा कॅपकॉमचाच खेळ त्यातल्या एका पात्रावरून सरसकट ‘मुस्तफा’ म्हणून ओळखला गेला. धालसिमच्या अंगणात हत्ती उभे आहेत आणि मागे गणपतीचे चित्र आहे, हे पाहून हरखणाऱ्या पोरांना त्याचे डाव मात्र शेजारच्याच्या हाताकडे टक लावून पाहूनच शिकावे लागत. छापील पानाचा अधिकार नसल्यामुळे तेथे अफवेला उगमही नसे आणि खुलासाही नसे.

‘ईजीएम’ने ‘स्ट्रीट फायटर थ्री’ आल्यावर १९९७ मध्ये शेंग लाँगला पुन्हा उभे केले, पण या वेळी जुन्या वाचकांना नावावरूनच खोडी कळण्यासारखी होती. पुढची लक्षात राहिलेली थाप २००२ मधली. निन्टेंडोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या मारामारीच्या खेळातल्या सर्वांत निर्दय प्रकारात वीस शत्रू पाडले तर सेगा कंपनीचे सॉनिक आणि टेल्स हे योद्धे मिळतात, असे तीत छापले होते. आणि २००८ मध्ये त्याच मालिकेच्या पुढच्या खेळात सॉनिक खरोखरच आला. तोवर परिस्थिती बदलली होती. खेळाची चकती किंवा चिप हाती आली की तिच्यातल्या संगणकीय फायली उघडून त्यांत कोणती चित्रे, कोणते आवाज, कोणती पात्रे आहेत हे पाहणारे लोक तयार झाले होते, आणि वीस फेऱ्या निर्दोष खेळण्याची गरज उरली नव्हती. शेंग लाँगच्या गमतीचा ताबा आता खुद्द कॅपकॉमने घेतला: येऊ घातलेल्या ‘स्ट्रीट फायटर फोर’मध्ये शेंग लाँग आहे, अशी घोषणा कंपनीने एक एप्रिल २००८ रोजी केली आणि नंतर ती मागे घेतली. त्या खेळाच्या घरगुती आवृत्तीत गोकेन मात्र खरोखर होता. तो आधी दडलेला, ठरावीक अटी पुऱ्या केल्या तरच समोर येणारा आणि मग खेळाडूच्या हाती देता येणारा असा होता. ती आवृत्ती फेब्रुवारी २००९ मध्ये बाजारात आली. ‘ईजीएम’ जानेवारी २००९ च्या अंकानंतर बंद पडले होते, त्यामुळे त्या अटी छापण्याची संधी त्याला मिळाली नाही. हॅरिस यांनी ते २०१० मध्ये पुन्हा सुरू केले.